पहिला कागद : अत्याचाराच्या खटल्यांतील तपासाचे व अभियोगाचे शिक्षण

पोलीस अधिकारी व सरकारी वकील यांना अत्याचाराचे खटले हाताळण्याचे शिक्षण कसे मिळावे, हा विषय सेमिनरीच्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की, खेड्यापाड्यांतील पीडित मनुष्य पोलीस ठाण्याची पायरी चढण्यापूर्वी बहुधा कोणाच्या तरी दारात येतो, आणि ते दार पुष्कळदा धर्मगुरूचे किंवा धर्मशिक्षकाचे असते. तपासाचे शास्त्र आपणास मुळीच ठाऊक नसेल, तर मदतीच्या भरात आपण खटला बिघडवून बसतो. मी स्वतः एक खटला असा बिघडवला आहे. त्याची हकीकत पुढे येईल.

प्रथम शब्दांचा विचार करू. युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे, वंशसंहार हे शब्द आपण वर्तमानपत्रांत वाचतो. साध्या खुनाच्या खटल्यात 'कोणी मारले' हे सिद्ध करावयाचे असते. या गुन्ह्यांत त्याखेरीज आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागते : मारलेला मनुष्य अमुक समूहाचा होता म्हणून त्याला मारले, किंवा मारण्यामागे आखलेली योजना होती. हे सिद्ध करणे फार कठीण. न्यूरेंबर्गच्या १९४५-४६ च्या खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ते रॉबर्ट जॅक्सन यांनी साक्षीदारांपेक्षा आरोपींच्याच दप्तरांतील कागदपत्रांवर भर दिला, कारण कागद उलटतपासणीत गडबडत नाही. पुढे १९६१ मध्ये जेरुसलेम येथे आयकमनचा खटला चालला, तेव्हा शंभराहून अधिक साक्षीदार उभे राहिले. त्यांतील कित्येकांनी आपली कहाणी प्रथमच चारचौघांत सांगितली. कागद बोलला तर योजना कळते आणि माणूस बोलला तर दुःख कळते. तपास अधिकाऱ्याला दोन्ही गोळा करावे लागतात.

भारतात जिनीव्हा करारांचा अधिनियम १९६० पासून आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या १९९८ च्या रोम करारामुळे स्थापन झाले, त्यावर भारताने सही केलेली नाही. दिल्लीतील १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडासंबंधी सज्जनकुमार यांना १७ डिसेंबर २०१८ रोजी दोषी ठरविताना दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट नमूद केले की, मानवतेविरुद्धचे गुन्हे व वंशसंहार हे आपल्या देशाच्या फौजदारी कायद्यात गुन्हे म्हणून समाविष्ट नाहीत व ही उणीव भरून काढली पाहिजे. त्यानंतर आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती भरली गेली नाही. त्यामुळे आपल्याकडे सामूहिक हत्येचा तपास शेवटी गावच्या ठाण्यातील फिर्याद, पंचनामा व जबाब यांवरच उभा राहतो. आणि 'अत्याचार' हा शब्द कायद्याने ज्याला खास अर्थ दिला, असा एकच मोठा कायदा आहे : अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९.

आमच्या गुजरात राज्यात घडलेले व महाराष्ट्रात न्यायास लागलेले एक उदाहरण घेतो. २००२ च्या दंगलींत दाहोद जिल्ह्यात ३ मार्च रोजी बिल्किस बानो या गरोदर स्त्रीवर सामूहिक अत्याचार झाला. तिच्या लहान मुलीसह कुटुंबातील व सोबतची माणसे मारली गेली. दुसऱ्या दिवशी ती लिमखेडा पोलीस ठाण्यात पोहोचली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने सांगितलेली आरोपींची नावे फिर्यादीत आली नाहीत, अत्याचाराची हकीकत आली नाही, आणि त्या कागदावर तिचा अंगठा घेण्यात आला. प्रेतांची तपासणी घाईने उरकून ती पुरण्यात आली. पुढल्या वर्षी प्रकरण बंद झाले. ती बाई मानवी हक्क आयोगाकडे व तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे गेली. डिसेंबर २००३ मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे आला. त्या अधिकाऱ्यांनी प्रेते उकरली, तेव्हा खड्ड्यात मीठ टाकलेले आढळले आणि कवट्या नव्हत्या. ऑगस्ट २००४ मध्ये खटला मुंबईस वर्ग झाला. जानेवारी २००८ मध्ये ११ जणांना जन्मठेप झाली. ४ मे २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली व खालच्या न्यायालयाने सोडलेल्या पोलिसांना व दोन डॉक्टरांनाही दोषी ठरविले. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी त्या अकरा जणांना शिक्षामाफी देऊन सोडण्यात आले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली.

या बावीस वर्षांच्या यात्रेत माझे लक्ष वारंवार त्या पहिल्या कागदाकडे जाते. पहिल्या चोवीस तासांत एका हवालदाराच्या टेबलावर जे लिहिले गेले नाही, ते दुरुस्त करण्यास देशातील सर्वोच्च यंत्रणा लागली. हे अज्ञान होते की दुष्टबुद्धी? पोलिसांना व डॉक्टरांना दोषी ठरवून उच्च न्यायालयाने या प्रकरणापुरते उत्तर दिले. शिक्षणाने दुष्टबुद्धी जात नाही हे मलाही कळते. परंतु अज्ञानाच्या आडोशाला लपण्याची सोय मात्र शिक्षणाने नाहीशी होते, आणि ते थोडे नव्हे.

अज्ञान व अनास्था यांचे दुसरे चित्र आपल्या महाराष्ट्रातच आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. घरचा कर्ता पुरुष तेवढा वाचला. पहिली शवतपासणी इतकी अपुरी होती की, प्रेते उकरून ती पुन्हा करावी लागली. तोवर जे पुरावे शरीराबरोबर नष्ट होतात ते नष्ट झाले होते, आणि लैंगिक अत्याचाराचा आरोप न्यायालयात टिकला नाही. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले व सहा जणांना फाशी सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले. खुनाची शिक्षा झाली. परंतु अत्याचार प्रतिबंध कायदा दोन्ही न्यायालयांत लागू झाला नाही. आधीच्या एका मारहाण प्रकरणातील साक्षीचा तो सूड होता, असे मानले गेले.

येथे सामान्य वाचक गोंधळतो. दलित कुटुंबाला गावच्या जमावाने मारले, मग जात सिद्ध करावयाची म्हणजे काय? त्या वेळी कायद्याचे शब्द असे होते की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा घडला पाहिजे. कारण मनात असते, आणि मनाचा पंचनामा होत नाही. तो आजूबाजूच्या गोष्टींवरून करावा लागतो : हल्ल्याच्या वेळी कोणते शब्द उच्चारले गेले, पूर्वी पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर, रस्त्यावरून काय तंटे झाले, कोणत्या वस्तीवर लोक चालून आले व कोणती वस्ती सोडली. हे प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारले नाहीत, तर दोन वर्षांनी विचारून उपयोग नसतो. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मोठ्या गुन्ह्यांच्या कलमात 'या कारणावरून' ऐवजी 'हे माहीत असताना' असा शब्दप्रयोग आला. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात ठाऊक होती असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशीही तरतूद झाली. ओझे हलके झाले, परंतु उतरले नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये पाटण जमाल वली प्रकरणात एका अंध दलित मुलीवरील अत्याचाराचा विचार करताना म्हटले की, जात हे एकमेव कारण असण्याची गरज नाही. स्त्री असणे, दृष्टिहीन असणे, दलित असणे ही सर्व कारणे एकमेकांत विणलेली असू शकतात. तरीही त्या खटल्यात अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील शिक्षा टिकली नाही, कारण तसा पुरावाच समोर आणलेला नव्हता. न्यायमूर्तींनी त्याच निर्णयात पोलिसांच्या व न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाचीही निकड दाखविली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मग कायदा तपास अधिकाऱ्याकडून काय अपेक्षितो? १९९५ च्या नियमांतील सातव्या नियमानुसार हा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करावयाचा नाही. एवढेच नव्हे, तर तो अधिकारी नेमताना त्याचा पूर्वानुभव, न्यायबुद्धी आणि प्रकरणाचा गर्भितार्थ ओळखण्याची पात्रता पाहावी, असे नियमात आहे. शासकीय नियमाच्या कोरड्या भाषेत न्यायबुद्धीचा उल्लेख पाहून मी प्रथम चकित झालो होतो. कायद्याच्या चौथ्या कलमात तर आपल्या विषयाचे बीजच आहे : तोंडी सांगितलेली खबर लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखविणे व मगच सही घेणे, आणि तिची प्रत ताबडतोब देणे, हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. हे जाणूनबुजून टाळल्यास त्याला सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लिमखेड्यातील अंगठ्याची आठवण ठेवून हे कलम वाचावे.

परंतु वाचून दाखविणे कोणत्या भाषेत? इच्छापोर हे सुरतेच्या पश्चिमेस, हजिऱ्याच्या रस्त्यावर आहे. एका बाजूस हिरे व दागिन्यांची औद्योगिक वसाहत, पुढे समुद्राकडे मोठमोठे कारखाने, आणि मधल्या भागात मजुरांच्या खोल्या. त्यांत खानदेशातून आलेले आहेत, डांगातील आहेत, नवापूर-नंदुरबारकडचे मावची व भिल्ल आहेत. त्यांतील कोणी ठाण्यात गेला, तर तो मावचीत सांगतो, शेजारचा त्याचे हिंदी करतो, अंमलदार गुजरातीत लिहितो, आणि प्रकरण सीमेपलीकडचे निघाले तर तेच पुढे मराठीत उतरते. प्रत्येक उड्डाणात काही गळते. दिवस, दिशा आणि नाते या तीन गोष्टी सर्वांत आधी गळतात, असा माझा अनुभव आहे. दुभाष्याशी कसे बोलावे, तो पीडिताच्या किंवा आरोपीच्या नात्यातला नाही ना हे कसे तपासावे, मूळ शब्द मूळ बोलीत लिहून मग भाषांतर कसे जोडावे, हे शिकविल्याशिवाय येत नाही. जगात ज्यांनी बोस्निया किंवा रवांडा येथील खटल्यांचे काम केले, त्यांच्या प्रशिक्षणात दुभाष्याचा भाग फार मोठा असतो. आपल्याकडे दर बारा कोसांवर बोली बदलते आणि आपण त्याचा विचारच करीत नाही.

जबाब घेण्याची कला हा या शिक्षणाचा गाभा. इंग्लंडमध्ये १९९० नंतर पोलिसांची जुनी दरडावण्याची पद्धत टाकून, आधी माणसाला अखंड सांगू द्यावे व मग खुले प्रश्न विचारावे, अशी पद्धत शिकविण्यास आरंभ झाला. २०२१ मध्ये सक्तीविना चौकशीची आंतरराष्ट्रीय तत्त्वे प्रसिद्ध झाली. ती मेंडेझ तत्त्वे म्हणून ओळखली जातात. २०२२ मध्ये लैंगिक अत्याचारातून वाचलेल्यांचे जबाब घेणाऱ्यांसाठी एक आचारसंहिता आली व तिला नादिया मुराद यांचे नाव देण्यात आले. या सर्वांचे सार एवढेच : घावातून वाचलेला मनुष्य क्रमाने सांगत नाही. त्याला वास आठवतो, वेळ आठवत नाही. न शिकलेला अधिकारी त्यास खोटेपणा समजतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वतःच क्रम लावून देतो. मग एकाच दिवशी घेतलेले दहा जबाब अक्षरशः एकसारखे निघतात, आणि बचावाच्या वकिलाला आणखी काही करावे लागत नाही.

साक्षीदारांस वेगवेगळे करून विचारावे, ही रीत आपल्याला परकी नाही. दानीएलाच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपण प्रवचनात बहुधा शुचितेचा धडा म्हणून सांगतो. मला ती उलटतपासणीचा धडा वाटते. दोन वडील, दोघेही प्रतिष्ठित, दोघांची साक्ष जुळलेली. तरुण दानीएल त्यांना एकमेकांपासून दूर करतो आणि प्रत्येकाला एकच क्षुल्लक प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली? झाड वेगळे निघते. नाबोथाच्या प्रकरणात मात्र कोणी असा प्रश्न विचारला नाही. तेथे दोन साक्षीदार होते, विधी यथासांग पार पडला, आणि निरपराध मनुष्य धोंडमाराने मेला. 'अनुवाद' ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात न्यायाधीशांवर कसून चौकशी करण्याचे जे बंधन आहे, ते केवळ साक्षीदारांच्या संख्येने पुरे होत नाही. म्हणून आरोपीच्या हक्काचे शिक्षणही याच शिक्षणाचा भाग आहे. पीडिताविषयी कळवळा असणारा अधिकारी जर साक्षी घडवू लागला, तर तो ईजबेलच्याच वाटेने जातो.

सरकारी वकिलाची गोष्ट थोडी निराळी. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरीत १ मार्च २००२ रोजी चौदा माणसे मारली गेली. जून २००३ मध्ये सर्व २१ आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालविण्याचा आदेश दिला. त्या वेळी सरकारी वकिलाच्या वर्तनावर न्यायालयाने कडक ताशेरे ओढले, तो आरोपींच्याच बाजूने उभा असल्यासारखे वाटते अशा अर्थाचे. फेब्रुवारी २००६ मध्ये मुंबईत नऊ जण दोषी ठरले आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतील चौघांची शिक्षा कायम ठेवली. साक्ष वारंवार फिरविणारी मुख्य साक्षीदार मात्र एक वर्षाच्या कैदेस पात्र ठरली. ती तरुणी कोणाच्या भयाने फिरली व कोणाच्या आमिषाने, हा वाद मी येथे उकरीत नाही. साक्षीदाराला संरक्षण देणारी योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभर लागू केली, हे तिच्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी झाले, इतकेच नोंदवितो. चांगला सरकारी वकील साक्षीदाराला साक्ष पढवीत नाही, परंतु न्यायालयाची खोली कशी असते, आरोपी कोठे बसेल, काय विचारले जाईल, हे आधी सांगतो. भय अनोळखीपणातून अर्धे येते.

प्रशिक्षणाच्या संस्था आपल्याकडे नाहीत असे नाही. गांधीनगरच्या न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात २०१८ मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहकार्याने मानवतावादी न्यायसहायक विज्ञानाचे केंद्र निघाले. मृतांची सन्मानाने व शास्त्रशुद्ध ओळख पटविणे हे त्याचे काम. मुंबईजवळ उत्तन येथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असे ठरले असून त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तज्ज्ञ पोहोचेपर्यंत ठाण्याच्या शिपायाने पायाखाली काय तुडवू नये, हे शिपायालाच शिकवावे लागेल.

आता माझी हकीकत. गुरुदीक्षा होऊन मला तीनच वर्षे झाली होती आणि मी सीमेपलीकडे महाराष्ट्रात होतो. एक आदिवासी बाई सायंकाळी आली. तिला शेतमालकाच्या माणसाने मारले होते व शिवीगाळ केली होती. ती तुटक सांगत होती. मी तिच्यासाठी सुंदर मराठीत दोन पानी तक्रार लिहिली. तिने उच्चारलेली शिवी मी लिहिली नाही. ती फार असभ्य होती आणि धर्मगुरूच्या हातून तशी उतरणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मी 'जातिवाचक अपशब्द' असे लिहिले. घटना तिच्या झोपडीच्या पुढच्या वाटेवर, हातपंपाजवळ घडली होती. मी ओघात 'राहत्या घरी' असे लिहून गेलो. पोलिसांनी माझा कागद जवळजवळ तसाच उतरून घेतला. चार वर्षांनी न्यायालयात तिने खरे तेच सांगितले : तो शब्द उच्चारला आणि हातपंप सांगितला. बचावाच्या वकिलाने फिर्याद पुढे केली. शब्द फिर्यादीत नाही, तो मागाहून जोडला. अपमान लोकांच्या दृष्टीसमोर व्हावा लागतो, आणि फिर्यादीत तर घर आहे. मग त्याने विचारले की, हे लिहिले कोणी? ती म्हणाली, फादरने. आरोपी सुटला. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. पुढच्या ऊसतोडीच्या हंगामात तिचे कुटुंब गाव सोडून गेले.

तेव्हापासून मी कोणाची तक्रार माझ्या भाषेत लिहीत नाही. कोणी आला तर आधी औषधपाणी व सुरक्षित जागा. लैंगिक अत्याचार असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. मोफत उपचार देणे सरकारी व खाजगी दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे. अंगावरचे कपडे धुऊ नयेत, सुकवून कागदात गुंडाळावेत, प्लास्टिकच्या पिशवीत ते कुजतात. एकदा सांगितलेले पुनःपुन्हा सांगावयास लावू नये, मंडळाच्या सभेत तर नाहीच. तडजोडीची बैठक आपल्या ओट्यावर भरवू नये. पैसे देऊन मिटविण्याचा प्रस्ताव घेऊन येणारा मनुष्य पुष्कळदा आपल्याच धर्मग्रामातील पुढारी असतो, आणि त्याला नाही म्हणणे हे या सर्व कामात मला सर्वांत जड गेले आहे.

प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले अर्थातच तेथेच राहते. पीडित व्यक्ती तेथे बोलू लागली, तर हेच संस्काराबाहेर सांगण्यास तिला हळुवारपणे सुचवावे. बाहेर ऐकलेल्याची गोष्ट निराळी. वकिलाला आपल्या पुरावा कायद्यात जसे स्पष्ट संरक्षण आहे तसे धर्मगुरूस नाही. घटनेनंतर लगेच कोणाजवळ काय सांगितले याला पुराव्यात वजन असते, म्हणून आपण स्वतः साक्षीदार होऊ शकतो. कायद्याच्या १५-अ कलमाने पीडिताला समाजसेवकांची व स्वयंसेवी संस्थांची मदत घेण्याचा हक्क दिला आहे, म्हणून ठाण्यात सोबत जाण्यास आपण बिचकू नये. नेमलेला सरकारी वकील नको असेल, तर पीडिताच्या इच्छेनुसार जिल्हाधिकारी नामांकित ज्येष्ठ वकील देऊ शकतात, हे चौथ्या नियमात आहे. फार थोड्यांस ते ठाऊक असते.

एक कटू गोष्ट राहिली. हा कायदा आपल्या सर्व लोकांना सारखा लागू नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. मावची किंवा भिल्ल मनुष्य ख्रिस्ती झाला तरी त्याचे संरक्षण जात नाही, आणि ठाण्यात 'तुम्ही ख्रिस्ती, तुम्हांला कलम लागत नाही' असे सांगितले गेल्यास ते चूक आहे. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार दलित ख्रिस्ती अनुसूचित जातीत गणला जात नाही. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाळकाच्या फिर्यादीवरील खटला याच कारणाने रद्द केला. तेव्हा दलित ख्रिस्ती बांधवाच्या फिर्यादीत मारहाण, धमकी, कोंडून ठेवणे ही सामान्य कलमे तरी नेमकी व पूर्ण लिहिली जाणे दुप्पट महत्त्वाचे ठरते.

इच्छापोरच्या माझ्या खोलीत आता एक वही असते. तीत मी तारीख, वेळ, कोण आले व कोणाला बोलाविले, एवढेच लिहितो. मावची बोलणारी एक सिस्टर आहे, तिला निरोप जातो. येणाऱ्याचे शब्द तो स्वतः ठाण्यात सांगतो. मी बाकावर मागे बसून राहतो, आणि लिहून झाले की अंमलदारास म्हणतो, 'साहेब, एकदा वाचून दाखवा.'